गाडी आपली, उंदीर सगळ्यांचे

उंदीर हे गणपतीचं वाहन, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हल्ली मात्र आपलं वाहन हेच उंदरांचं घर झालंय! सकाळी मुलांच्या शाळेची घाई, चावी फिरवावी तर गाडी ढिम्म. मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो आणि कुरतडलेल्या वायरींचा जुडगा हातात धरून म्हणतो, ‘‘मॅडम, उंदीर.’’ भिशीत, देवळात, भाजीच्या गाडीपाशी कुठेही विषय काढा, प्रत्येकीकडे अशी एक तरी गोष्ट असतेच. कुणाच्या एसीतून कुबट वास येतो, कुणाच्या स्कूटरची सीट आतून पोखरलेली निघते, कुणाच्या डॅशबोर्डवरचे दिवे मध्येच लागतात नि विझतात.

गंमत म्हणून यावर हसता येतं, पण हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वायरीचं आवरण गेलं की आतली तांब्याची तार उघडी पडते. दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या की शॉर्टसर्किट होतं, आणि जवळ उंदरांनी गोळा केलेला कागद-कापूस असेल तर आग लागायला वेळ लागत नाही. चाकांजवळच्या सेन्सरच्या वायरी तुटल्या तर ब्रेकची एबीएस यंत्रणा बंद पडते. पेट्रोलच्या रबरी नळीला दात लागले तर काय होईल, ते सांगायला नको.

मुळात उंदीर वायरी खातात का? खात नाहीत, कुरतडतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायचे तर सतत काहीतरी कुरतडायलाच हवं, मग ते दार असो, पाइप असो की वायर. गाडीत वायरींच्या आवरणासाठी सोयाबीनपासून केलेले पदार्थ वापरल्याने उंदीर येतात, असा दावा अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. पण साध्या प्लॅस्टिकच्या वायरीही ते सोडत नाहीत, हे आपल्या घरातल्या फ्रिजमागे वाकून पाहिलं तरी कळतं. शिवाय नुकतीच बंद केलेली गाडी कोमट असते, आत अंधार असतो, बॉनेटखालचा मऊ थर घरट्याला आयता मिळतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की अशी कोरडी, ऊबदार जागा दुसरी कुठली? लहान उंदराला आत शिरायला पेन्सिलीएवढी फट पुरते, आणि गाडीला खालून अशा फटी कितीतरी असतात.

आता उपाय. सांगणारे तर पावलोपावली भेटतात. कुणी तंबाखूची पानं ठेवा म्हणतं, कुणी हिंग, कुणी फिनेल. उग्र वासाने उंदीर दोन-चार दिवस बिचकतात, मग वास उडतो आणि मंडळी परत येतात. इंजिनच्या गरम भागाजवळ वाळकी पानं ठेवणं तर धोक्याचंच. डांबरगोळ्या गाडीच्या आत अजिबात ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद काचांमागे कोंडते आणि लहान मुलांना ती बाधू शकते. कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं मिळतात, पण उंदरांना त्या आवाजाची सवय होते. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीद दिली होती. होंडा कंपनीने वायरींवर गुंडाळायला तिखट अर्काची चिकटपट्टी काढली आहे. मिरची आपल्या स्वयंपाकघरातून थेट इंजिनात पोचली म्हणायची!

त्यापेक्षा साध्या गोष्टी जास्त उपयोगी. गाडी फार दिवस एका जागी उभी ठेवू नये. गावाला जाणार असाल तर कुणाला तरी एक-दोन दिवसांआड बॉनेट उघडून बघायला सांगावं. हवा आत घेण्याच्या तोंडाशी बारीक लोखंडी जाळी बसवून घ्यावी, पण ती मेकॅनिककडूनच, कारण फिरत्या पट्ट्याजवळ किंवा गरम नळीजवळ जाळी-वायर आली तर नवीच आफत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीत खायचं काही ठेवू नये. मुलांनी सांडलेला बिस्किटाचा चुरा, सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण, पूजेचा नारळ, माहेराहून आलेलं आणि ‘उद्या वर नेऊ’ म्हणून डिकीतच राहिलेलं तांदळाचं पोतं, हे सगळं म्हणजे उंदरांना आमंत्रणच. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा. उंदीर तर पळतोच, पण उबेला बसलेलं मांजराचं पिल्लू असेल तर त्याचाही जीव वाचतो.

एवढं करूनही आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत एका महिन्यात पाच गाड्या बंद पडल्या. मग मीटिंग बसली. ‘‘पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, विषाचे केक टाका, विषय संपवा,’’ असं बहुतेकांचं मत पडलं. मी एवढंच विचारलं, ‘‘केक टाकल्यावर मेलेले उंदीर उचलणार कोण? आणि दिवसभर पार्किंगमध्ये खेळतंय कोण?’’ कारण आमच्या वॉचमनचं कुटुंब पार्किंगमधल्याच एका खोलीत राहतं. त्यांची धाकटी जेमतेम तीन वर्षांची, आणि हे केक म्हणजे रंगीत वड्याच की हो!

या विषांची माहिती प्रत्येकीला हवी. केकमधल्या औषधाने रक्त गोठणं थांबतं. उंदीर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही मरतो. तो पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो ही समजूत खरी नाही. तो मरतो तिथेच, बऱ्याचदा गाडीच्या आतच, आणि मग आठवडाभर वास. असा विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही मरू शकतं, म्हणजे उंदीर खाणारेच कमी होतात. काळी पावडर, झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी मिळाली की विषारी वायू तयार होतो. आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तर उतारा नाहीच. ती पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटू शकतो आणि मग यकृत निकामी होतं. म्हणून यातलं काहीही मुलाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. पाकीट सोबत घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा.

चिकट पॅडचंही तेच. उंदीर त्यावर तासन्‌तास तडफडतो, आणि सकाळी तो जिवंत उचलायचा कुणी? आमच्या सफाईच्या मावशींनी. तेही उघड्या हातांनी.

मीटिंगनंतर आम्ही चौघीजणी रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन खाली उतरलो. सकाळच्या घंटागाडीसाठी कचऱ्याचे डबे रात्री नऊलाच बाहेर, तेही उघडे. कबुतरांना टाकलेले दाणे कोपऱ्यात. मांजरांसाठी ठेवलेल्या दूध-चपातीच्या ताटल्या तशाच. गटाराची जाळी तुटलेली. जिन्याखाली कुणाची गादी, कुणाचं कपाट, कुणाच्या लग्नातले पुठ्ठे. उंदीर गाडीत येतात, पण गाडीसाठी येत नाहीत, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

आमचा टॉर्च बघून वॉचमनची बायको बाहेर आली. कुठल्या बिळातून किती वाजता निघतात, कुठल्या गाडीखाली आधी जातात, सगळं तिला पाठ. पाण्याच्या टाकीमागची घुशीची बिळंही तिनेच दाखवली. ‘‘मग इतके दिवस बोलली नाहीस ती?’’ आमच्यातल्या एकीने विचारलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘ताई, गाडीची वायर खाल्ली की तुमची मीटिंग बसती. माझं पीठ खाल्लं, पोरीच्या पायाला चावलं, तवा कुणी इचारलं न्हाई.’’

चौघीही गप्प झालो.

मी वस्तीत आरोग्याचं काम करते, त्यामुळे लेप्टोस्पायरोसिस माझ्या परिचयाचा. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ आणि मूत्रपिंडावर परिणाम. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने किती घरं हादरली, ते अनेकींना आठवत असेल. त्याआधीचा इतिहास तर आपल्या सावित्रीबाईंपर्यंत जातो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला, तो पुण्यात पोचला, आणि रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने गेल्या. उंदरांचा प्रश्न वायरींच्या बिलापुरता कधीच नव्हता. पार्किंगमधल्या पाण्यात आपण बूट घालून दोन मिनिटं चालतो. मावशी आणि ती पोरं अनवाणी दिवसभर असतात.

मग ठरलं. डबे झाकणाचे आणि बाहेर ठेवायचे ते सकाळीच. कबुतरांचे दाणे बंद. मांजरांच्या ताटल्या संध्याकाळीच उचलायच्या. जिन्याखालची अडगळ भंगारवाल्याला, त्या पैशांत गटाराची नवी जाळी. बिळांमध्ये भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट. वॉचमनच्या खोलीच्या दाराखाली पत्र्याची पट्टी आणि पिठाला घट्ट झाकणाचा डबा, दोन्ही सोसायटीच्या खर्चाने. मावशींना गमबूट आणि रबरी हातमोजे. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवायच्या. चार पिंजरे आणले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून तीन-चार रात्री दार बांधून उघडंच ठेवलं, आत भजी आणि सुके बोंबील. मग दार सोडलं. चिचुंद्री सापडली तर मात्र सोडून देतो. ती उंदराच्या जातीतली नाहीच, झुरळं-किडे खाते बिचारी.

उंदीर संपले असं मी म्हणणार नाही. ते मुळीच संपत नाहीत. मादीचे दिवस तीन आठवड्यांत भरतात आणि एका वेळी सात-आठ पिल्लं सहज होतात. पण गेल्या चार महिन्यांत आमच्याकडे एकच वायर कुरतडली गेलीय, तीही महिनाभर जागची न हललेल्या गाडीची.

जाता जाता विम्याचं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात मिळतच नाही. सर्वसमावेशक असला तरी उंदरांनी केलेलं नुकसान त्यात धरतात की नाही, ते पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्या.

आणि हो, आज रात्री टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये एक चक्कर माराच. पण गाडीचं बॉनेट उघडण्याआधी, तिथेच झोपणाऱ्या बाईला विचारा, ‘‘तुमच्याकडे कसा आहे हो उंदरांचा त्रास?’’