सभागृहाचे सचिव

डिंभे धरणाच्या पाण्यावर आंबेगाव-जुन्नरचा जेवढा जीव आहे, तेवढाच खाली कर्जत-करमाळ्याचाही. घोड नदीवरचे हे धरण कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. त्याच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. आवर्तन कधी सुटणार, डिंभे-माणिकडोह बोगदा व्हावा की नको, धरणासाठी उठलेल्यांना काय मिळाले, हे प्रश्न इथल्या चावडीवर निघतात तसे मुंबईत विधानसभेतही निघतात. याच भागात उसात शिरून बसणाऱ्या बिबट्याचा प्रश्न मात्र मुंबईत सुटत नाही. तो इथल्या शिरूर मतदारसंघाच्या खासदारांना दिल्लीत मांडावा लागतो.

असे का? पाणी, कालवे आणि बंधारे राज्यघटनेच्या राज्यसूचीत १७ व्या क्रमांकावर आहेत. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो कायदा संसदेचा. म्हणून आवर्तनाचा प्रश्न लोकसभेत दिला, तर तो मुळात दाखलच होऊ नये, असा शेरा त्यावर पडू शकतो. प्रश्न स्वीकारायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. पण नियम काढून, प्रश्न तपासून तो अध्यक्षांपुढे ठेवण्याचे काम सचिवालयाचे, आणि त्या सचिवालयाचे प्रमुख म्हणजे लोकसभेचे महासचिव. महाराष्ट्रात हेच काम विधानमंडळाचे प्रधान सचिव किंवा सचिव पाहतात.

टीव्हीवर अध्यक्षांच्या आसनाखाली, सभापटलाशी बसलेली ही व्यक्ती अनेकांनी पाहिलेली असते. ती चर्चेत बोलत नाही, मत देत नाही. पण कामकाजाचा बराचसा भार तिच्यावर असतो. राष्ट्रपतींनी अधिवेशन बोलावले की प्रत्येक खासदाराला जाणारे समन्स महासचिवांच्या सहीने निघते. रोजची कामकाजपत्रिका, मंजूर विधेयकाची शुद्ध प्रत, समित्यांचे कामकाज, शब्दन् शब्द टिपणारे प्रतिवेदक, सगळे त्यांच्या हाताखाली. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभा व राज्यसभेचे महासचिव आळीपाळीने काम पाहतात. २०२२ ची राष्ट्रपतींची निवडणूक राज्यसभेच्या महासचिवांनी घेतली आणि त्याच वर्षीची उपराष्ट्रपतींची लोकसभेच्या महासचिवांनी.

प्रश्नांचेच पाहा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न येतात. त्यांची उत्तरे मंत्र्याला उभे राहून द्यावी लागतात आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर. प्रश्न १५० शब्दांत बसला पाहिजे. त्यात टोमणा नको, आरोप नको, तर्कवितर्क नकोत, न्यायप्रविष्ट बाब नको. गावाकडून आलेले निवेदन बहुधा तक्रारीच्या भाषेत असते. ते नियमात बसेल असे करून देण्यात सचिवालयातला जाणता अधिकारी सदस्याला मोठी मदत करू शकतो. महाराष्ट्रातला नवा आमदार कोणत्याही पक्षाचा असो, विधानसभेच्या नियम १०५ खाली लक्षवेधी कशी लावायची, नियम २९३ ची चर्चा कशी मागायची, हे त्याला सचिवालयातच कळते.

ही मदत निःपक्ष राहायची, तर अधिकारी सरकारचा असून चालत नाही. ज्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याच नोकराच्या हाती प्रश्नाची यादी कशी द्यायची? ब्रिटिश अमदानीत नेमके तसेच होते. केंद्रीय विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग सरकारच्या ताब्यात होता. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी याविरुद्ध झुंज दिली. २२ सप्टेंबर १९२८ रोजी मोतीलाल नेहरूंनी स्वतंत्र कार्यालयाचा ठराव मांडला, तो संमत झाला आणि १० जानेवारी १९२९ पासून स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे राज्यघटनेने संसदेसाठी अनुच्छेद ९८ आणि राज्यांसाठी अनुच्छेद १८७ लिहून ही तरतूद पक्की केली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मराठी घरातले आणि त्याआधी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले. त्यांच्या काळात सचिव होते एम. एन. कौल. कौल आणि त्यांचे उत्तराधिकारी एस. एल. शकधर यांनी मिळून संसदीय प्रथा व कार्यपद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, तो आजही पीठासीन अधिकाऱ्यांच्या हाताशी असतो. महासचिव हे पदनाम १९७३ मध्ये शकधरांपासून सुरू झाले.

सल्ला सचिवांचा, निर्णय अध्यक्षांचा. ही रेघ किती बारीक आहे, हे १७ एप्रिल १९९९ ला दिसले. वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान होते. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकीचा राजीनामा दिला नव्हता. त्यांनी मत द्यावे का, यावर सभागृह पेटले. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय गमांग यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडला आणि सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. तेव्हा महासचिव एस. गोपालन होते. इतिहासात निर्णय अध्यक्षांच्या नावावर लागतो आणि लागायलाच हवा. पण अशा क्षणी नियम काय सांगतो, काय सांगत नाही, हे चटकन आणि निर्भयपणे सांगणारा माणूस शेजारी असणे फार मोलाचे असते.

महाराष्ट्रातही अशी माणसे झाली. डॉ. अनंत कळसे यांनी विधानमंडळाचे प्रधान सचिव म्हणून दीर्घकाळ काम केले. २००९ ते २०१४ या काळात विधानसभेचे अध्यक्ष आंबेगावचेच होते, दिलीप वळसे पाटील. अध्यक्ष मतदारसंघातून निवडून येतात, निवडणुकीनंतर बदलतात. सचिवालय मात्र तेच राहते, आणि मागच्या निर्णयांची, पायंड्यांची आठवण त्याच्याकडेच असते.

डिंभ्याच्या पाण्यात गावे गमावलेल्या लोकांच्या दृष्टीने या आठवणीचे सगळ्यात उपयोगी रूप म्हणजे आश्वासनांची नोंद. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’ म्हणाले, ‘कार्यवाही करू’ म्हणाले, की कामकाजाच्या वृत्तांतातून ते वाक्य बाजूला काढले जाते. मग आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासन पुरे करायला तीन महिन्यांची मुदत असते. ती टळली तर वाढवून मागावी लागते. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची प्रलंबित विधेयके व्यपगत होतात. प्रलंबित आश्वासने व्यपगत होत नाहीत. ती नव्या सभागृहाच्या समितीपुढे येतात आणि खात्याला पुन्हा उत्तर द्यावे लागते.