बोंडअळीची मोजणी आणि यंत्राची बुद्धी

२०१७ च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीने मोठा घाला घातला. ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. म्हणून कामगंध सापळ्यांत अडकलेले नर पतंग मोजून तिचा माग काढावा लागतो. सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ पतंग आढळल्यास उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात.

ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. सापळ्यात इतर कीटकही येतात, पतंगांचे पंख झडतात, आणि एका कार्यकर्त्याकडे अनेक गावे असतात. याच कामात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रवेश केला आहे. मुंबईच्या वाधवानी संस्थेने तयार केलेल्या साधनात सापळ्यातील पतंग कागदावर पसरून मोबाईलने त्यांचे छायाचित्र घेतात. पुष्कळशा छायाचित्रांवरून शिकविलेली ही प्रणाली पतंग ओळखते, मोजते व फवारणीविषयी सल्ला देते.

मग कार्यकर्त्याची नोकरी जाणार काय? तूर्त गेले आहे ते नोकरीतील एक काम. सापळा योग्य उंचीवर आहे की नाही, त्यातील ल्युर वेळेवर बदलली की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही. एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहणेही हातांनीच करावे लागते. त्यांपैकी दोहोंत जिवंत अळी निघाल्यास प्रादुर्भाव १० टक्के झाला. वाचलेला वेळ शिवारात न लावता कार्यकर्त्यांची संख्याच घटविली, तर मात्र यंत्र शेतकऱ्यास महाग पडेल.

औषधविक्रेत्याचा धंदाही बदलेल. आजवर पुष्कळ ठिकाणी औषध विकणाराच सल्ला देत आला. हे फारसे हिताचे नव्हते. मात्र मोबाईलवरील सल्ला औषध विकणाऱ्याचाच नाही ना, हेही पाहावे. एखादी फवारणी टळल्यास शेतकऱ्याचा खर्च वाचतो, पण फवारणी करणाऱ्या मजुराचा रोज बुडतो. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली होती, हेही विसरता येत नाही.

यंत्राचा सल्ला चुकल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. यास्तव पहिल्या हंगामात काही सापळे कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमक्ष स्वतः मोजावेत, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत शेजारी शेजारी लिहावेत.