मुक्या ॲम्प्लिफायरला बोलतं करताना

तुमच्या माळ्यावर एखादा जुना ॲम्प्लिफायर धूळ खात पडलाय का? एके काळी दिवाळीच्या पहाटे सगळं घर सुरांनी भरून टाकणारा, आणि मग एक दिवस अचानक मुका झालेला? भंगारवाला वजनावर चार पैसे देईलही, पण मैत्रिणींनो, जरा थांबा!

आमच्या औंढ्याच्या घरी मामंजींचा असाच एक स्टीरिओ ॲम्प्लिफायर होता. ते गेले, आणि पुढच्याच पावसाळ्यात त्याची डावी बाजू गप्प झाली. लोणावळ्याकडचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर! डब्यातले पापड मऊ पडतात, तिथं यंत्राची काय कथा? दुकानदार म्हणाला, “ताई, याचे पार्ट मिळत नाहीत. नवा घ्या.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. रेकॉर्डी पुसून त्यांनी कपाटात ठेवून दिल्या. तेव्हाच मी ठरवलं, आपणच शिकायचं.

“इश्श, हे का आपलं काम?” असं आलं ना मनात? पण कुकरची शिट्टी होईना, तर तुम्ही काय करता? पाणी बघता, गॅसकेट बघता, शिट्टीचं भोक साफ करता. लगेच नवा कुकर आणत नाही. दुरुस्ती म्हणजे तरी दुसरं काय? एकेक शंका क्रमानं दूर करायची!

आधी जिवाची काळजी

घरातली वीज २३० व्होल्टची. त्यातून प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. काचेच्या व्हॉल्व्हच्या जुन्या सेटात तर ३०० व्होल्टच्याही वर दाब असू शकतो. तो नवशिकीनं उघडूच नये. सुरुवात ट्रान्झिस्टरच्या सेटापासून करावी. कपॅसिटरवरचे व्होल्ट मीटरनं मोजून शून्याजवळ आल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट लावू नका. ओले हात, बांगड्या आणि जवळ खेळणारी मुलं, तिन्ही दूर ठेवा. पहिले काही दिवस जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

झाकण न उघडता

‘टेप’चं बटण चुकून दाबलेलं नाही ना? आधी ते पाहा. आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं का? सेट बंद करून, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीसेक वेळा फिरवा. दमट हवेतली निम्मी कुरकुर तिथंच थांबते.

एकच बाजू गप्प असेल, तर सेट बंद करून रेकॉर्डप्लेअरच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. शांतता दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष प्लेअरचा किंवा त्याच्या वायरीचा. जागची हलली नाही, तर मग स्पीकरच्या वायरी अशाच बदलून पाहा. मात्र मोठी घरघर किंवा जळका वास येत असेल, तर हा प्रयोग नको. चांगला स्पीकरही जायचा!

माझी फजिती

आमच्याकडे दोष ॲम्प्लिफायरमध्येच निघाला. मी उत्साहानं, निव्वळ अंदाजानं एक कपॅसिटर बदलला, आणि तोही अधिक-उणे न बघता, उलटा! सेट लावला मात्र, फट् आवाज आणि खोलीभर वास! एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांनी मग दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली, सिरीज बोर्ड. जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा दिवा सेटाच्या विजेच्या वाटेवर जोडायचा. एलईडी चालत नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. भगभगीत पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा.

दुसरी, स्टीरिओच्या दोन बाजू म्हणजे जुळ्या बहिणी. प्लग काढून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर दोन्हीकडच्या सारख्याच जागी रेझिस्टन्स मोजायचा. चांगल्या बहिणीला विचारलं, की आजारी बहिणीचं दुखणं कळतं! आमचा आकडा एके ठिकाणी जुळेना. भिंगातून पाहिलं, तर डागाला केसाएवढी चीर! नवा डाग दिला. बिघाड तेवढाच होता. तो पार्ट कधी बिघडलाच नव्हता.

हाताशी काय हवं?

मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, मऊ ब्रश आणि भिंग. सुटे भाग पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतात. कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. फ्यूज मात्र जितक्या अँपिअरचा तितक्याच. जाड तार घालून काम भागवू नका, आग लागेल.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः रेकॉर्ड लावली. दोन्हीकडून आवाज आला. जरा वेळानं त्या म्हणाल्या, “यांनी आवाज एवढाच ठेवला असता बघ.”

तेव्हा या रविवारी माळ्यावर चढाच!