सोयाबीन : पथ्य की अपथ्य?

एखादे धान्य प्रकृतीला चांगले की वाईट, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ज्वारी, तांदूळ, तूर, हरभरा ही आपल्या परिचयाची धान्ये. कोणते भिजत घालावे, कोणते भाजून घ्यावे, कशाबरोबर काय खावे, हे शेकडो वर्षांच्या अनुभवाने ठरून गेलेले आहे. सोयाबीनचे मात्र तसे नाही. देशाच्या बहुतेक भागांत हे धान्य पाहुण्यासारखे आले आणि नव्या पाहुण्याविषयी जशा उलटसुलट वदंता उठतात, तशा त्याच्याविषयीही उठल्या. कोणी त्याला सर्व रोगांवरील उतारा मानतो, तर कोणी म्हणतो की त्याने पुरुषांचे पौरुष उणावते, स्त्रियांना कर्करोग होतो आणि गळ्यातील ग्रंथी बिघडते.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. ज्या घरात दूध, अंडी वा मांस रोज परवडत नाही, तेथे वाढत्या वयाच्या मुलांना प्रथिने कोठून मिळावयाची, हा रोजचा प्रश्न असतो. निराधार भीतीमुळे अशा घरातील एक स्वस्त अन्न ताटाबाहेर राहते आणि निराधार स्तुतीमुळे ते भलत्याच रीतीने वा भलत्याच अपेक्षेने खाल्ले जाते. म्हणून दोन्ही बाजूंचा पुरावा शांतपणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

धान्याची ओळख

सोयाबीनचे मूळ स्थान पूर्व आशिया. चीन, जपान व कोरिया या देशांत ते फार प्राचीन काळापासून खाल्ले जाते. भारतातही ते सर्वस्वी नवे नाही. कुमाऊँच्या डोंगराळ भागात ‘भट’ या नावाने काळ्या सोयाबीनचे कालवण होते. नागालँडमध्ये अखुनी, सिक्कीममध्ये किनेमा, मणिपुरात हवाइजार आणि मेघालयात तुंगरिम्बाई हे पदार्थ उकडलेले सोयाबीन आंबवून करतात. मैदानी प्रदेशाला मात्र त्याची ओळख उशिरा झाली. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून सोयाबीनविषयी लिहिले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते आहारात घेऊन पाहण्यात आले. त्याच सुमारास बडोदे संस्थानातील अधिकारी एफ. एस. काळे यांनी या धान्याच्या लागवडीवर व आहारातील उपयोगावर एक विस्तृत इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६० नंतरच्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने नव्या वाणांची लागवड सुरू केली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही आज या पिकाची प्रमुख राज्ये आहेत.

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सोयाबीनच्या बाबतीत ती थोडी बदलून म्हणावी लागेल : जेथे पिकते, तेथे ते विकले जाते, पण शिजत नाही. बहुतेक पीक तेलाच्या गिरण्यांकडे जाते आणि तेल काढून उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी वापरली जाते.

आता त्याच्या अंगी काय आहे ते पाहू. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमच्या आसपास तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिनांचे प्रमाण सुमारे २२ ग्रॅम आहे. प्रथिने ही ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन हे आम्ल गहू व तांदूळ यांत उणे पडते. सोयाबीनमध्ये ते विपुल असते. उलट सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी असते, ते तृणधान्ये पुरवितात. म्हणजे वरण-भाताची जोडी ज्या कारणाने पौष्टिक ठरते, त्याच कारणाने गहू-सोयाबीनची जोडीही पौष्टिक ठरते. त्यातील एकाला दुसऱ्याची साथ हवी.

कच्चे आणि शिजलेले

पथ्य-अपथ्याच्या वादाची खरी किल्ली १९१७ सालच्या एका साध्या प्रयोगात आहे. थॉमस ऑसबर्न व लाफायेट मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरांना सोयाबीनच्या पिठावर वाढविले. कच्चे पीठ खाणाऱ्या उंदरांची वाढ नीट होईना; शिजविलेल्या सोयाबीनवर मात्र ते चांगले पोसले गेले. धान्य तेच आणि प्रथिनेही तीच. फरक होता तो केवळ उष्णतेचा.

असे का व्हावे? आपण खाल्लेल्या प्रथिनांचे विघटन करण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य आतड्यात येते. कच्च्या सोयाबीनमध्ये या ट्रिप्सिनला अडवून धरणारे एक द्रव्य असते. १९४५ मध्ये मोझेस कुनित्झ यांनी ते स्फटिकरूपाने वेगळे केले. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी, तसे हे द्रव्य ट्रिप्सिनला घट्ट चिकटते आणि त्याचे काम थांबविते. परिणाम असा होतो की अन्नातील प्रथिने पुरती पचत नाहीत, आणि तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक पाचक रस स्रवावा लागतो. उंदरांच्या व कोंबडीच्या पिलांच्या बाबतीत तर त्या श्रमाने स्वादुपिंडाचा आकारही वाढतो.

सुदैवाने हा विरोधक स्वतः एक प्रथिनच आहे आणि ओलसर उष्णतेपुढे तो टिकत नाही. भिजवून उकडलेल्या सोयाबीनमधील त्याचा बहुतांश भाग निकामी होतो. पूर्वेकडील लोकांनी हे धान्य कधी कच्चे खाल्ले नाही. ते उकडून आंबविले, अथवा त्याचे दूध काढून उकळले व त्याचे पनीरासारखे तोफू केले. त्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, तरी अनुभव होता. आपल्याकडे धान्य आले, पण तो अनुभव त्याच्याबरोबर आला नाही. इंदूर येथील सोयाबीन संशोधन संस्थेने कुनित्झ यांनी शोधलेला हा विरोधक नसलेले ‘एनआरसी १२७’ हे वाण तयार केले आहे. तथापि बाजारातील सामान्य सोयाबीन ते नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मेंढ्यांचा रोग आणि माणसांची भीती

दुसरा आक्षेप संप्रेरकांचा. स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. सोयाबीनमध्ये त्याच्याशी रचनेने साम्य असणारी आयसोफ्लेव्होन ही द्रव्ये आहेत. जेनिस्टीन व डाइडझीन ही त्यांपैकी प्रमुख होत. या वर्गातील द्रव्यांचा दुष्परिणाम प्रथम मेंढ्यांत दिसला. १९४० नंतरच्या काही वर्षांत पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या वांझ होऊ लागल्या. शोधाअंती त्या गवतातील आयसोफ्लेव्होन हे कारण ठरले. त्या मेंढ्या सोयाबीन खात नव्हत्या. परंतु द्रव्ये एकाच कुळातील असल्याने संशय सोयाबीनवरही आला.

संशय घेणे योग्यच होते. पण मेंढी आणि माणूस यांत मोठे अंतर आहे. मेंढी दिवसभर तेच गवत चरते आणि तिच्या पोटातील सूक्ष्मजंतू त्या द्रव्यांचे अधिक प्रभावी रूपांतर करतात. माणसाच्या शरीरात ही द्रव्ये खऱ्या संप्रेरकाच्या मानाने फार दुर्बळ ठरतात. शिवाय पेशींमध्ये इस्ट्रोजेनला ग्रहण करणारी जी दोन प्रकारची स्थाने आहेत, त्यांपैकी एकाच प्रकाराकडे त्यांचा विशेष ओढा असतो. म्हणून त्यांची क्रिया सर्व ठिकाणी संप्रेरकासारखी होत नाही.

पुरुषांवरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष २०१० मध्ये एकत्र तपासण्यात आले. सोयाबीनच्या प्रथिनांमुळे वा आयसोफ्लेव्होनमुळे पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण घटत नाही, असे त्यात आढळले. २०२१ मध्ये अधिक प्रयोग जमेस धरून केलेल्या तपासणीतही तेच दिसून आले. याच्या उलट २००८ मध्ये नोंदलेले एक उदाहरण वारंवार सांगितले जाते : साठ वर्षांच्या एका गृहस्थाच्या छातीत स्त्रीप्रमाणे वाढ झाली. उदाहरण खरे आहे. पण ते गृहस्थ रोज सुमारे पावणेतीन लीटर सोयादूध पीत असत, आणि ते बंद करताच दोष नाहीसा झाला. हा धडा मात्रेविषयीचा आहे. अतिरेक कशाचाही वाईटच.

स्तनाच्या कर्करोगाविषयीची भीती याहून गंभीर, म्हणून तिचे उत्तरही भक्कम पाहिजे. शांघाय येथे या रोगातून उपचार घेतलेल्या ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा करण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या स्त्रियांच्या आहारात सोयाबीनचे पदार्थ अधिक होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी होते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तेव्हा सोयाबीनने कर्करोग बरा होतो, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. पण ते खाल्ल्याने रोग बळावतो, या समजुतीला त्याने आधार उरत नाही. हा निर्वाळा अन्नापुरता आहे. आयसोफ्लेव्होनचा अर्क काढून केलेल्या गोळ्या ही वेगळी गोष्ट होय. त्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

स्तुतीचीही तपासणी

निंदेप्रमाणे स्तुतीलाही पुरावा द्यावा लागतो. १९९५ मध्ये ३८ प्रयोगांच्या एकत्रित तपासणीत असे दिसले की सोयाबीनच्या प्रथिनांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे १३ टक्क्यांनी घटते. त्यानंतर १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, दररोज २५ ग्रॅम सोया-प्रथिने हृदयरोगाचा धोका कमी करू शकतात, असे वेष्टनांवर छापण्यास अनुमती दिली. परंतु पुढे अधिक प्रयोग झाले तसा हा लाभ आकसत गेला. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो सुमारे ३ टक्के इतकाच असल्याचे सांगितले, आणि २०१७ मध्ये प्रशासनाने आपली पूर्वीची अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. लाभ अगदीच नाही असे नव्हे. तुपाळ वा चरबीयुक्त पदार्थाच्या जागी सोयाबीन आले, तर त्या अदलाबदलीने हित होतेच. पण त्याला औषध म्हणणे ही अतिशयोक्ती होय.

कोणी जपावे

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीविषयीच्या शंकेला ऐतिहासिक आधार आहे. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत सोयापिठाच्या दुधावर वाढविलेल्या काही तान्ह्या मुलांना गलगंड झाल्याचे आढळले. त्या दुधात आयोडीन घालताच हा दोष दूर झाला. ज्यांच्या आहारात आयोडीनयुक्त मीठ आहे, अशा निरोगी माणसांना ही भीती नाही. मात्र थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीनचे पदार्थ यांत पुरेसे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे औषधाचे शोषण कमी होते. किती अंतर ठेवावे, ते वैद्यांना विचारावे.

काही व्यक्तींना, विशेषतः लहान मुलांना, सोयाबीनची ॲलर्जी असते. त्यांनी ते टाळलेच पाहिजे. साधे सोयादूध हे आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही, म्हणून ते तान्ह्या बाळास देऊ नये. सोयाबीनमध्ये ब-१२ जीवनसत्त्व नसते, आणि कॅल्शियम मुद्दाम घातलेले नसल्यास सोयादुधात ते गाईच्या दुधापेक्षा बरेच कमी असते. त्यातील फायटिक आम्लामुळे लोह व जस्त यांचे शोषणही काहीसे अडते. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे या आपल्या जुन्याच कृतींनी तो अडथळा कमी होतो. पोटात वायू धरण्याची जी तक्रार ऐकू येते, ती त्यातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या शर्करांचा काही भाग भिजविलेल्या पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी टाकून द्यावे.

स्वयंपाकघरातील नियम

या सर्व विवेचनातून घरासाठी थोडेच नियम निघतात. कच्चे सोयाबीन गव्हात मिसळून थेट गिरणीत नेऊ नये. निवडलेली सोयाडाळ उकळत्या पाण्यात टाकून पंचवीस ते तीस मिनिटे उकळावी, निथळून उन्हात कडकडीत वाळवावी, आणि मग नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळावी. उकळत्या पाण्यामुळे पचनास अडथळा करणारे द्रव्य तर नष्ट होतेच, शिवाय पिठाला येणारा उग्र, हिरवट वासही टळतो. अख्खे दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, दुसऱ्या पाण्यात दाबपात्रात मऊ होईपर्यंत शिजवावेत. बाजारातील सोयावडीवर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. ती गरम पाण्यात भिजवून, पिळून वापरावी. सोयाबीन हे रोजच्या डाळींचे भावंड समजावे. तूर, मूग, हरभरा यांना हद्दपार करून त्याची स्थापना करण्याचे कारण नाही.

तेव्हा सोयाबीन पथ्य की अपथ्य, या प्रश्नाचे उत्तर धान्याचे नाव घेऊन देता येत नाही. ते कसे शिजविले, किती खाल्ले, कशाबरोबर खाल्ले आणि खाणाऱ्याची प्रकृती कशी आहे, या चार गोष्टी विचारल्यावरच ते देता येते. नीट शिजविलेले व बेताने खाल्लेले सोयाबीन निरोगी माणसाला पथ्यकर आहे, असे आजवरचा पुरावा सांगतो. ज्या शेतकऱ्याच्या शिवारात ते पिकते, त्याच्या मुलांच्या ताटातही त्याचा एक वाटा असावयास हरकत नाही. त्यासाठी घरात चुलीवर एक मोठे पातेले आणि अर्धा तासाची उसंत एवढेच साहित्य लागते.