गुडघ्याची शस्त्रक्रिया : भीतीपासून उभारीपर्यंत

प्रास्ताविक

आजाराविषयी आपण घरात पुष्कळ बोलतो. आजारपणात वाटणाऱ्या भीतीविषयी मात्र सहसा बोलत नाही. घाबरणे म्हणजे दुबळेपणा, असा आपला समज असतो. प्रस्तुत पाठात गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती दिली आहे. या शस्त्रक्रियेपूर्वी वाटणाऱ्या भीतीला कसे सामोरे जावे आणि नंतर पुन्हा आपल्या पायांवर कसे उभे राहावे, याचाही विचार येथे केला आहे.

मूळ पाठ

इंदूरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील बाईंची ही हकीकत आहे. वय ६३. वीस वर्षे घरगुती खानावळ चालवून त्यांनी मुलांची शिक्षणे पूर्ण केली. दिवसाचे आठ-दहा तास ओट्याशी उभे राहण्यात जात. हळूहळू गुडघे दुखू लागले. आधी त्यांनी जिना टाळला, मग देवळात जाणे सुटले, मग बाजार सुटला. शेवटी रात्री कूस बदलतानाही कळ येऊ लागली. गोळ्या, शेक, तेल, व्यायाम असे सारे उपाय झाले. अखेर अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला. तारीख ठरली आणि बाईंनी ती मोडली. दुसरी तारीख ठरली, तीही मोडली. कोणी विचारले, तर त्या म्हणत, "आता या वयात कशाला चिरफाड?" पैशांची तजवीज झालेली होती, मुले पाठीशी होती. खरे कारण एकच होते. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांना कोणापुढे बोलून दाखवता येत नव्हती.

गुडघा का झिजतो?

गुडघा हा आपल्या शरीरातील सर्वांत मोठ्या सांध्यांपैकी एक आहे. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि समोर गुडघ्याची वाटी अशी त्याची रचना असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. त्यामुळे हाडे एकमेकांवर न घासता सहज फिरतात. वाढते वय, स्थूलपणा, जुनी दुखापत, आनुवंशिकता, वर्षानुवर्षांचे कष्टाचे काम अशा कारणांनी ही कूर्चा झिजते. मग हाडावर हाड घासू लागते, सांधा सुजतो, पाय वाकडा होतो. एकदा झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. वजन कमी करणे, मांडीचे स्नायू बळकट करणे आणि औषधे घेणे यांनी बऱ्याच जणांचे दुखणे आटोक्यात राहते. या उपायांनीही जेव्हा चालणे-फिरणे आणि झोप अशक्य होते, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

'गुडघा बदलणे' या शब्दांमुळे पुष्कळांना वाटते की, संपूर्ण गुडघा कापून काढतात. प्रत्यक्षात तसे नसते. हाडांच्या टोकांचा झिजलेला पातळ थर, म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा भाग, तेवढा काढतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे आवरण बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची चकती बसवतात आणि या दोहोंच्या मध्ये टिकाऊ प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. हे प्लास्टिक कूर्चेचे काम करते. झिजलेल्या दाराची बिजागरी बदलावी, तसाच काहीसा हा प्रकार आहे. शस्त्रक्रियेला साधारणपणे एक ते दोन तास लागतात.

आज रूढ असलेल्या कृत्रिम गुडघ्याचा पाया १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. डॉ. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी नव्या घडणीचा सांधा वापरण्यास सुरुवात केली. या सहकाऱ्यांमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतीय शल्यविशारद होते. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरमध्येच झाले होते. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत डॉ. राणावत यांनी शस्त्रक्रिया केली आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर. वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरी ओलांडण्याच्या सुमारास होते. वर्तमानपत्रांतून या बातम्या घरोघरी पोहोचल्या आणि ही शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या बोलण्यात आली.

त्या काळी कृत्रिम सांध्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. पुढे या निर्बंधाची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. रुग्णालयाचा आणि शल्यविशारदाचा खर्च मात्र यात धरलेला नसतो. म्हणून एकूण खर्चाचा अंदाज लेखी मागावा. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना किंवा आपल्या राज्याची आरोग्य योजना त्या रुग्णालयात या शस्त्रक्रियेला लागू आहे काय, हेही आधीच विचारावे.

भीतीला नाव द्यावे

आता पुन्हा त्या बाईंकडे वळू. दुसरी तारीख मोडल्यानंतर एका दुपारी त्यांची सून वही घेऊन शेजारी बसली. "आई, घाबरू नका असं मी म्हणणार नाही. भीती नेमकी कशाची वाटते, ते एकेक सांगा. मी लिहून घेते."

पहिल्यांदा बाई काहीच बोलल्या नाहीत. मग एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. ऑपरेशन चालू असताना जाग आली तर? पाय कायमचा अधू झाला तर? दुखणे सोसवेल का? संडासला कोण नेईल? आणि सर्वांत शेवटी, अगदी हळू आवाजात, "मी अंथरुणाला खिळले, तर तुम्हा सगळ्यांना ओझं होईन ना गं?"

वहीत पाच प्रश्न उतरले. मनात असताना ती एकच, आकार नसलेली भीती होती. कागदावर आल्यावर तिचे प्रश्न झाले आणि प्रश्नाला उत्तर शोधता येते.

पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवली गेली. भूलतज्ज्ञांनी समजावून सांगितले की, या शस्त्रक्रियेत बहुधा पाठीच्या मणक्यांमध्ये इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्णाला वेदना जाणवत नाही. हवे असल्यास झोप येण्याचे औषधही देतात. दुखण्याविषयी डॉक्टर म्हणाले, "मावशी, दुखणार नाही असं खोटं मी सांगणार नाही. पहिले काही दिवस दुखेल, पण त्यावर औषध आहे. दुखणं लपवू मात्र नका." जंतुसंसर्ग होणे किंवा पायात रक्ताची गुठळी होणे हे धोके असतात, ते कमी असले तरी नाहीसे झालेले नाहीत, हेही त्यांनी सांगितले. धोका कोणता आणि तो टाळण्यासाठी काय केले जाते, हे कळल्यावर बाईंचा जीव थोडा थाऱ्यावर आला. पाचव्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नव्हते. ते घरच्यांनी द्यायचे होते. त्या रात्री मुलगा आणि सून यांनी पहिल्या महिन्यात कोणी कोणत्या वेळी घरी राहायचे, याचे वेळापत्रकच करून भिंतीवर लावले.

तारखेआधीचे दिवस

वाट पाहण्याचे दिवस रिकामे गेले, की भीती वाढते. हातात काम असले, की ती आवरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस तयारीत घालवावेत.

पहिली तयारी शरीराची. मधुमेह आणि रक्तदाब नियंत्रणात आणावेत. दात किडला असेल, त्वचेवर जखम असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर आधी उपचार घ्यावेत. कारण शरीरातील जंतू नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तंबाखू व धूम्रपान सोडावे. रोज घेत असलेल्या प्रत्येक औषधाची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. मांडीचे व्यायाम आणि वॉकर घेऊन चालण्याचा सराव आधीच करावा.

दुसरी तयारी घराची. पाय अडकेल अशी सतरंजी, पायपुसणे, लोंबणाऱ्या तारा दूर कराव्यात. पलंग आणि खुर्ची पुरेशी उंच असावी. कमोड नसेल, तर कमोडची खुर्ची आणावी. न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा.

तिसरी तयारी मनाची. ही शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या परिचित व्यक्तीशी मोकळेपणाने बोलावे. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. जप करणाऱ्याने जप करावा, गाणे आवडणाऱ्याने गाणे ऐकावे. भीती इतकी असेल की अन्न-झोप सुटावी, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

नंतरचे काम आपले

शल्यविशारदाचे काम दोन तासांचे असते. रुग्णाचे काम त्यानंतर सुरू होते आणि काही महिने चालते. अनेक रुग्णालयांत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे करतात. ताज्या शस्त्रक्रियेचा पाय जमिनीला टेकवताना जीव घाबरा होतो. परंतु हालचाल हाच येथे मोठा उपचार आहे. घोटा वर-खाली हलवत राहिल्याने पायातील रक्त खेळते राहते व गुठळीचा धोका कमी होतो. गुडघा वाकवण्याइतकेच तो पूर्ण सरळ करणेही महत्त्वाचे असते. म्हणूनच आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये; तशाने गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावी, म्हणजे व्यायाम करता येतो. व्यायामानंतर बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवावी.

जिन्यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळ्या चालीवर येण्यास काही आठवडे लागतात. सूज काही महिने राहू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता जाणवते, कधी चालताना 'टक्' असा आवाज येतो. यांनी घाबरून जाऊ नये. मात्र ताप येणे, जखमेतून स्राव येणे, लाली व दुखणे वाढत जाणे किंवा पोटरी दुखून सुजणे यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मन खचते तेव्हा

त्या बाईंची शस्त्रक्रिया तिसऱ्या तारखेला झाली आणि चांगली झाली. पहिला आठवडा उत्साहात गेला. भेटायला येणारे येत होते, कौतुक होत होते. तिसऱ्या आठवड्यात घर शांत झाले. रात्रीची झोप तुटू लागली, गुडघा हवा तसा वाकेना. एके दिवशी व्यायामाच्या वेळी त्या रडू लागल्या. "उगीच केलं हे," म्हणाल्या.

असे अनेकांच्या बाबतीत घडते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भीतीला घरचे तयार असतात. नंतरच्या या निराशेला तयार नसतात. अशा वेळी शेजाऱ्याच्या प्रगतीशी तुलना करू नये. सुनेने त्याच वहीचे नवे पान उघडले आणि रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली : आज खोलीत चार फेऱ्या; आज अंगणापर्यंत; आज काठीवर. दहा दिवसांनी मागची पाने चाळताना बाईंना आपणच चाललेले अंतर दिसले. रोजच्या दिवसात न जाणवणारी सुधारणा वहीत स्पष्ट दिसत होती.

पूर्ण सुधारणेला वर्षभरही लागू शकते. काही थोड्या रुग्णांचे दुखणे पूर्णपणे जात नाही, हेही खरे आहे. परंतु बहुसंख्यांना पूर्वीच्या वेदनेपासून मोठी सुटका मिळते आणि बहुतेकांचा कृत्रिम सांधा वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. जमिनीवर उकिडवे बसणे, मांडी घालणे हे बहुधा टाळावे लागते. या बाई आता खुर्चीवर बसून पोळ्या लाटतात. पंगतीत त्यांच्यासाठी वेगळे टेबल मांडले जाते, याची प्रथम त्यांना लाज वाटे. आता वाटत नाही. गेल्या चैत्रात त्या देवळाच्या पायऱ्या चढून गेल्या. प्रत्येक पायरीवर त्या मनाशी म्हणत होत्या, "चांगला पाय आधी."

भीती वाटली नाही, असे त्या आजही म्हणत नाहीत. भीती लिहून काढली, विचारली आणि तिच्यासह पाऊल टाकले, एवढेच त्या सांगतात. ऑपरेशनला निघालेल्या ओळखीच्या माणसांना त्या धीराचे शब्द कमी आणि कोरी वही आवर्जून देतात.

स्वाध्याय

१. बाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दोनदा मोडली, त्यामागचे खरे कारण कोणते होते?
२. 'गुडघा बदलणे' या शब्दांमुळे कोणता गैरसमज होतो? शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय करतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'शल्यविशारदाचे काम दोन तासांचे असते. रुग्णाचे काम त्यानंतर सुरू होते.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. बाईंच्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे का नव्हते?
५. आपल्या घरातील एखादी व्यक्ती उपचारांना घाबरत असेल, तर तिच्याशी आपण कसे बोलाल? दहा ओळींत संवाद लिहा.