पाच मिलिग्रॅमची परीक्षा

जंतूंनी बनवलेल्या साबणावर लिहून आणा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा फर्मेंटर, फेस आणि यीस्टचा वास एवढंच डोळ्यांसमोर होतं. ते सगळं पाहिलंही. पण पाय अडकला तो शेजारच्या, एसी लावून गार ठेवलेल्या खोलीत. तिथे दोन यंत्रं आहेत, एक डीएससी (डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर) आणि दुसरं टीजीए (थर्मोग्रॅव्हिमेट्रिक ॲनालायझर). जंतूंचा हा साबण, म्हणजे बायोसर्फॅक्टंट, कधी वितळतं आणि कधी मोडतं, हे ती सांगतात. निदान सांगावं अशी अपेक्षा असते.

इतिहास उरकूनच घेतो. स्यूडोमोनास जंतूंच्या ऱ्हॅम्नोलिपिडचं वर्णन जार्व्हिस आणि जॉन्सन यांनी १९४९मध्ये केलं. १९६१मध्ये सोफोरोलिपिड आलं. आज ते ज्या यीस्टपासून सर्रास काढतात, ते मूळचं बम्बलबीच्या मधात सापडलेलं. १९६८मध्ये जपानात सर्फॅक्टिन सापडलं. ते थोडंसं टाकलं तरी पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरवरून २७च्या आसपास उतरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सोफोरोलिपिडवर बरंच काम झालं आहे.

प्रयोगशाळेतून माल कारखान्याकडे निघाला की उष्णतेचा प्रश्न येतोच. डिटर्जंटची पावडर गरम हवेत फवारून सुकवतात, क्रीम तापवून घोटतात, तेलविहिरीच्या पोटात तर जमीनच तापलेली असते. तिथे हे द्रव्य टिकेल का, हे आधी कळलं पाहिजे.

डीएससीची कल्पना अमेरिकेत पर्किन-एल्मर कंपनीतल्या वॉटसन आणि ओ'नील यांची, १९६२ची. मला ती अजूनही चलाख वाटते. दोन इवल्याशा भट्ट्या असतात. एकीत नमुना भरलेली ॲल्युमिनियमची डबी, दुसरीत रिकामी. काहीही झालं तरी दोन्हींचं तापमान बरोबरीनं चढवायचं. नमुना वितळू लागला की उष्णता गिळतो, मग त्याच्या भट्टीला जास्त वीज द्यावी लागते. ती जादा वीज हाच निकाल. आजची बरीच यंत्रं एकाच भट्टीत दोन्ही डब्या ठेवून उष्णतेच्या प्रवाहातला फरक मोजतात, पण हिशेब तोच. काही कंपन्यांच्या आलेखात वितळण्याचं शिखर वर जातं, काहींच्या खाली. इतक्या वर्षांत यावर एकमत झालेलं नाही. कोपऱ्यात बाण काढून वेळ मारून नेतात.

टीजीए म्हणजे भट्टीशी जोडलेला तराजू. जपानमधल्या सेंदाईला कोतारो होंडा यांनी १९१५मध्ये असा तराजू वर्णन केला. खोलीतलं यंत्र नव्या घडणीचं आहे, पण काम तेच: तापवत जायचं आणि वजन लिहीत जायचं. ते सांभाळणाऱ्या बाई नमुन्याला हात लावण्याआधी रिकामी डबी तापवायला लावतात. विद्यार्थ्यांना घाई असते.

"मॅडम, सँपल लावू?"

"आधी ब्लँक. रिकाम्या डबीचं वजन वाढतं, ते बघ."

आणि खरंच वाढलं. भट्टीतून सोडलेला गार नायट्रोजन डबीला आणि तिच्या दांडीला किंचित उचलून धरतो. तो तापला की विरळ होतो, उचल कमी पडते, आणि तराजूला वजन वाढल्यासारखं वाटतं. डबी-दांडीचं आकारमान मिळून एक दशांश मिलिलिटर धरलं, तर तीनशे अंशांपर्यंत हा खोटा वाढावा सुमारे ०.०५ मिलिग्रॅम भरतो. नमुना असतो पाच मिलिग्रॅमचा, म्हणजे एक टक्का गेला. ब्लँक वजा करायचं ते यासाठी.

मग यंत्राची उलटतपासणी. डीएससीत इंडियम १५६.६ अंशांना वितळलं पाहिजे. टीजीएत कॅल्शियम ऑक्झॅलेटनं तीन पायऱ्या उतरल्या पाहिजेत: पाण्याची १२.३ टक्के, कार्बन मोनॉक्साइडची १९.२, कार्बन डायऑक्साइडची ३०.१. धातू आणि क्षार असे शहाण्यासारखे वागतात.

बायोसर्फॅक्टंट तसं वागत नाही. त्या दिवशी एका विद्यार्थिनीनं आणलेलं सोफोरोलिपिड काकवीसारखं होतं. मुळात तो एक पदार्थच नव्हे. साखळीची लांबी वेगळी, ॲसिटिल गट कुठे आहेत तर कुठे नाहीत, शिवाय लॅक्टोन आणि आम्ल अशी दोन रूपं. लॅक्टोनचे स्फटिक होतात, आम्लरूप चिकट राहतं. त्यामुळे डीएससीत टोकदार शिखर येण्याऐवजी पसरट फुगवटा येतो. त्यात पाणी आणि काढणीचं इथाइल ॲसिटेट उरलेलं. टीजीएतली पहिली घट या दोघांची असते, आणि घाईतला लेखक तिलाच विघटन म्हणून मोकळा होतो. वर ६०० अंशांनंतरही डबीत काही उरलं तर त्यात वाढीच्या माध्यमातले क्षार असू शकतात. तसं असेल तर धुणं कच्चं झालं.

डबी घट्ट बंद करावी तर आतल्या वाफेनं फुगते, कधी फुटते. झाकणाला भोक ठेवावं तर बाष्पीभवनाचं शिखर वितळण्याच्या शिखरात मिसळतं. शिवाय पृष्ठभागावर पसरणं हा तर या द्रव्याचा धर्मच; वितळलं की ते डबीच्या भिंतीवर चढतं. सेन्सरपर्यंत पोचलं की पुढच्या सगळ्यांचे आलेख बिघडतात. बाई या जातीच्या नमुन्यांना कमी माल भरायला लावतात आणि डबी बाहेर काढली की तिचा तळ स्वतः बघतात.

सर्वांत चिवट अडचण सोफोरोलिपिडच्या रेणूला असलेल्या साखरेच्या डोक्याची. तापमान वर चढत गेलं की उरलेलं वितळणं आणि साखरेचं मोडणं एकमेकांत शिरतं. डीएससीचा आलेख एकटा पाहून ते सुटत नाही. त्याच तापमानाला टीजीएत वजन घटतंय का, हे शेजारी ठेवून पाहावं लागतं. किंवा नमुना थंड करून पुन्हा तापवायचा: खरं वितळणं पुन्हा दिसण्याची शक्यता असते, मोडलेलं परत येत नाही. पण लॅक्टोनला पुन्हा स्फटिक व्हायला सवड मिळाली नाही तर खरं शिखरही दुसऱ्या फेरीत गायब होतं.

एवढं करून मिळालेला आकडाही तापवण्याच्या वेगावर ठरतो. मिनिटाला दहा अंशांऐवजी वीस अंश चढवलं की विघटन उशिरा सुरू झाल्यासारखं दिसतं. बायोसर्फॅक्टंटला 'उष्णतेला टिकाऊ' म्हणणाऱ्या कित्येक निबंधांत तर हा प्रयोगच नसतो. द्रावण १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करतात, थंड करतात, पृष्ठताण मोजतात. ती कसोटी वाईट नाही, पण पंधरा-वीस मिनिटांची आणि पाण्यातली. सुकी पावडर तासन्‌तास गरम राहिली तर काय होईल, हे तिच्यातून कळत नाही.

कारखान्याला मात्र नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी टीजीएत नमुना एकाच तापमानाला, समजा १२० अंशांना, काही तास धरून ठेवायचा आणि वजनाची रेषा सपाट राहते का ते पाहायचं. विद्यार्थिनीनं तसं मागितलं. बाईंनी वही उघडली: एवढ्या वेळात इतरांचे तीन-चार नमुने होतात, आणि रांग पुढच्या आठवड्यापर्यंत भरलेली होती.