पस्तीसचा पाढा आणि उघडे तळवे

कॅसिनोत डीलर व्हायचे तर आधी पाढे पाठ करावे लागतात. रूलेटमध्ये नेमक्या एका आकड्यावरची पैज लागली तर एकास पस्तीस द्यायचे, दोन आकड्यांमधल्या रेषेवरची लागली तर एकास सतरा. समजा, आकड्यावर तीन चिप्स आहेत आणि रेषेवर दोन. १०५ अधिक ३४, म्हणजे १३९ हे उत्तर भोवती गलका चालू असतानाही डीलरच्या तोंडी तयार हवे.

मग हातांची पाळी. वीस-वीस चिप्सच्या चळती बोटांनीच ओळखायच्या. टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून कॅमेऱ्याला दाखवायचे. उद्या तक्रार आलीच, तर ही सवय प्रामाणिक डीलरच्या बाजूने बोलते.

मराठी मुलामुलींना हे काम जवळात जवळ मिळते ते गोव्यात. तिथल्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि जहाजांवर टेबलांचे खेळ चालवता येऊ लागले. पणजीला मांडवीत ती जहाजे उभी दिसतात. महाराष्ट्राचाही १९७६ चा कॅसिनो कायदा होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला.

पाळ्या बऱ्याचदा रात्रीच्या, काम पुष्कळसे उभ्याने. नोकरी धरण्याआधी याचा विचार घरच्यांशी बसून जरूर करावा.